आधी मैदान, मग क्लब

नमस्कार मंडळी. बोर्डावर विषय लिहिलाय ‘ॲनफिल्ड : एका मैदानाची गोष्ट’, आणि वेळ दिलाय पाऊण तास, तर सरळ सुरूच करतो. ॲनफिल्ड म्हणजे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं मैदान, आणि समोर निम्म्या पोरांच्या अंगावर त्याच क्लबची लाल जर्सी दिसतीय. मग सांगा बघू, ॲनफिल्डवर पहिला कुठला क्लब खेळला?

एव्हर्टन! मागनं कोण बोललं? शाब्बास. लिव्हरपूल शहरातलाच दुसरा क्लब. १८८४ पासून आठ वर्षं ते एव्हर्टनचं घर होतं, १८९१ ची लीग त्यांनी तिथंच राहून जिंकली. जागा जॉन होल्डिंगच्या हातात, हा बिअरचा कारखानदार, खेळाडू कपडे बदलायचे ते पण त्याच्याच सँडन हॉटेलात. भाडं सुरुवातीला वर्षाला १०० पौंड, पाचेक वर्षांत ते २५० झालं. आता मालक-भाडेकरूचं पुढं काय होतं हे गावभागातल्या वाड्यात राहिलेल्या माणसाला मी काय सांगू! १८९२ ला एव्हर्टननं बिऱ्हाड उचललं आणि स्टॅन्ली पार्क या बागेच्या पलीकडं गुडिसन मैदानावर गेले.

होल्डिंगकडं राहिलं काय? स्टँड, गवत, गोलपोस्ट. खेळायला कोण नाही. मग त्यानं त्या रिकाम्या मैदानासाठी नवा क्लब काढला, तोच हा लिव्हरपूल. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगतो, आधी मैदान, मग क्लब.

आपल्याकडं टीम आहेत, जर्सी आहेत, वर्गणी पण जमते, मैदान तेवढं नाही. मी पोरांना शिकवायचो ते मैदान कुठलं ते राहू दे. तिथं एकदा मोठी सभा झाली, मांडव गेला आणि खड्डे राहिले, बुजवणाऱ्यांनी विटांचे तुकडे टाकून वर माती ओढली. आम्ही सकाळी साडेसहाला सगळे ओळीनं वाकून चालायचो, हातात सिमेंटची रिकामी पिशवी, त्यात खिळे, तारा, सुतळ्या, बाटल्यांची बुचं. एवढं करून पण आमचा गोलकीपर डावीकडं झेपावला आणि उठला तेव्हा कोपरात विटेची कपची घुसलेली. रक्त थांबंना आणि पोरगं विचारतंय, “सर, गोल नाही ना झाला?” नव्हता झाला. मी अर्ज दिला, पोचेचा शिक्का मारून घेतला, तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. पुढच्या महिन्यात तिथं प्रदर्शन लागलं, आकाशपाळण्यासकट.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. कोप सांगितल्याशिवाय मी बसणार नाही. १९०६ ला गोलमागं उभं राहून बघायला मोठा चढ बांधला, त्याला नाव पडलं स्पियॉन कोप. ही दक्षिण आफ्रिकेतली टेकडी, १९०० च्या जानेवारीत तिथल्या लढाईत लिव्हरपूलकडची बरीच पोरं मारली गेली. आणि त्याच लढाईतले जखमी स्ट्रेचरवरनं मैलोन्‌मैल वाहणाऱ्यांत आपले गांधीजी होते, तिथल्याच नाताळ प्रांतातल्या भारतीय लोकांची तुकडी घेऊन! कोपच्या कोपऱ्यावर झेंड्याची काठी आहे ना, ती ग्रेट ईस्टर्न जहाजाची डोलकाठी, जहाज मोडीत निघालं, काठी अजून उभी आहे.

आता भराभर. १९२८ ला कोपवर छप्पर आलं, म्हणजे आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाच्या एक वर्ष आधी. १९५२ ला वुल्व्ज क्लबविरुद्धच्या मॅचला ६१,९०५ माणूस आला, १९५७ ला फ्लडलाइट. मग १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, तिथल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलची ९७ माणसं गेली. त्यानंतरच्या चौकशीच्या टेलर अहवालानं मोठ्या मैदानांवर उभं राहून बघणं बंद केलं, कोपचा तसला शेवटचा दिवस ३० एप्रिल १९९४, लिव्हरपूल नॉर्विच क्लबकडनं एक गोलनं हरले. मेन स्टँड २०१६ ला वाढवला, त्यासाठी लोथेर रोडवरची घरं पाडली, ती त्याआधी कित्येक वर्षं खिडक्या बंद करून ओस पडली होती, हे पण विसरू नका. २०२४ ला ॲनफिल्ड रोड स्टँड पुरा झाला, आता ६१ हजार बसतात. आणि एव्हर्टन? २०२५ ला बंदराच्या धक्क्यावरच्या नव्या स्टेडियमला गेले, गुडिसन पाडलं नाही, क्लबच्या महिलांच्या टीमला दिलं. बघा, मैदान रिकामं ठेवलं नाही.

प्रश्न नंतर बाहेर चहाला घेऊ. येत्या रविवारी साडेसहाला त्याच मैदानावर या, पिशव्या मी आणतो, बूट जाड तळव्याचे घाला.