सात धाग्यांची तार

तारेचं हे टोक जरा जवळून बघा. जोडाचं सोल्डर गोल बसलंय, चकाकतंय. दिसायला काही खोट नाही. आणि रेडिओ मुका.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले सुटे भाग. सहा ट्रान्झिस्टरचा मीडियम वेव्हचा किट. आठवीतल्या मुलीने दोन रविवार खपून जोडला. सेल घातले, बटण शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही. मग सगळे करतात तेच तिने केलं, एक ट्रान्झिस्टर बदलला. दुसऱ्याला हात घालणार तोच काकांनी सोल्डरिंग आयर्न तिच्या हातातून काढून बाजूला ठेवलं. काकांची उमर रेडिओ दुरुस्तीत गेली. "थांब बाळा. आधी त्याला विचारू, कुठे दुखतंय."

सुरुवात शेवटाकडून. स्पीकरच्या तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. कट्ट! स्पीकर जिवंत आहे. आता व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक आणि त्याच्या दांडीवर तिचं बोट. ऐका. घुर्रर्र. भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची ही गुरगुर तिच्या अंगातून आत गेली आणि ॲम्प्लिफायरने मोठी केली. म्हणजे मागचा अर्धा रेडिओ ठणठणीत. हा किट सेलवर चालतो म्हणून बोट लावता आलं. मेनवर चालणाऱ्या रेडिओत असं कधीही करू नका.

पुढची युक्ती मी कितीही वेळा बघू शकतो. शेजारी एक चालू रेडिओ ठेवलाय, काटा १२४७ च्या आसपास. आकाशवाणी पुणे लागतं ७९२ किलोहर्ट्झवर, आणि किटचा ऑसिलेटर त्याहून ४५५ ने वरची लहर तयार करतो. बेरीज करून बघा. तिने गँग, म्हणजे केंद्र लावायचा भाग, हळूहळू फिरवला, आणि शेजारच्या रेडिओची खरखर एका जागी एकदम दबली. मुका किट शेजाऱ्याशी बोलतोय! ऑसिलेटर चालू आहे.

उरला केंद्राची लहर आत यायचा रस्ता. फेराइटच्या काळ्या कांडीवरची कॉइल. मल्टिमीटरची एक पिन या टोकाला, दुसरी त्या टोकाला. टूं वाजायला हवं होतं. नाही वाजलं.

मघाचं चकाकणारं टोक ते हेच. ही तार एक नाही. केसासारखे सात धागे, प्रत्येकावर इनॅमलचा लेप. सोल्डर बसलं ते लेपावर, आतल्या तांब्यापर्यंत पोचलंच नाही. किटसोबतच्या कागदात या लेपाबद्दल एक अक्षर नाही. आणि मुलांना वाटतं चुकलं आपलंच, डबा माळ्यावर जातो.

सँडपेपर, तोही हलक्या हाताने. एक धागा तुटला तर पुन्हा पहिल्यापासून. सातही तांबूस दिसायला लागले. फ्लक्स. सोल्डर. टूं!

(बटण फिरते. केंद्राचा आवाज. इथे निवेदन नाही.)

ट्रिमरची, म्हणजे बारीक जुळणीच्या स्क्रूची, जुळणी नंतर झाली, रेडिओ आता तिच्या आजीच्या खोलीत असतो. कांडीचं टोक केंद्राच्या दिशेला गेलं की आवाज पडतो, कांडी त्या दिशेला आडवी झाली की भरतो. ती अजून फिरवून बघतेय.