शीर शेवटी

नमस्कार, श्रोतेहो.

१३ डिसेंबर २००६. अमेरिकेच्या सिनेटमधले साउथ डकोटाचे सदस्य टिम जॉन्सन पत्रकारांशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता जीभ अडखळायला लागली, शब्द सापडेनात. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला दोन अपक्षांना धरून ५१ विरुद्ध ४९ असं काठावरचं बहुमत मिळालं होतं, त्यामुळे या एका माणसाच्या डोक्यात काय झालंय याची चिंता सगळ्या देशाला लागली. झालं होतं ते असं, की मेंदूतला रक्तवाहिन्यांचा एक गुंता फुटला होता. जॉन्सन साठीच्या उंबरठ्यावर होते आणि तोवर त्या गुंत्याने हूं की चूं केलं नव्हतं.

या गुंत्याला आम्ही डॉक्टर एव्हीएम म्हणतो. नाव सोडा, शेतातलं पाणी डोळ्यांसमोर आणा. कालव्यातून पाणी चारीत येतं, चारीतून पाटात, पाटातून सरीत. सरीसरीत मुरत मुरत त्याचा जोर संपतो आणि उरलंसुरलं ओढ्याला जातं. मेंदूत धमनी म्हणजे कालवा, केसाहून बारीक केशवाहिन्या म्हणजे सऱ्या, आणि शीर म्हणजे ओढा. एव्हीएममध्ये मधलं शेतच नसतं. कालवा थेट ओढ्यात फोडलेला. ओढ्याचे काठ एवढ्या दाबासाठी बांधलेले नसतात, आणि आजूबाजूचं शेत कोरडं पडतं ते वेगळंच.

साधारण निम्म्या रुग्णांत हा गुंता पहिल्यांदा कळतो तो रक्तस्राव झाल्यावरच. डोक्यात एकाएकी घण घातल्यासारखी कळ, उलटी, कधी शुद्ध जाते. काहींना आधी फीट येते. (फीट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नका, त्याने काही होत नाही. कुशीवर वळवा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या.)

आता मुद्द्याचं. गुंता दिसतोय, तर कापून काढायचा की नाही? हार्वे कुशिंग म्हणजे आधुनिक मेंदू-शस्त्रक्रियेतलं मोठं नाव. त्यांनी पर्सिव्हल बेली यांच्यासोबत १९२८ साली लिहिलेल्या ग्रंथात याबद्दल फारशी आशा ठेवलेली नव्हती. मला यात त्यांचा भित्रेपणा दिसत नाही. नकाशा नसताना कालवे बंद करायला जाणारा माणूस पाण्यातच जायचा. नकाशा काढायची युक्ती लिस्बनच्या एगाश मोनिझ यांनी आदल्याच वर्षी, १९२७ मध्ये, शोधली होती: धमनीत क्ष-किरणांत उमटणारं औषध सोडायचं आणि फोटो घ्यायचे. तीच अँजिओग्राफी. पुढे १९३२ मध्ये स्टॉकहोमला हर्बर्ट ओलिव्हक्रोना यांनी लहान मेंदूतला असा एक गुंता पूर्ण काढून दाखवला. १९६७ पासून झुरिचमध्ये गाझी याशारगिल यांनी मेंदूची शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली आणली, आणि डोळ्यांना जे धूसर दिसायचं ते स्वच्छ दिसायला लागलं.

शस्त्रक्रियेचा सगळा जीव एका क्रमात आहे. आधी धमन्या, मग गुंता, आणि शीर अगदी शेवटी. कालवा चालू ठेवून ओढा बुजवला तर पाणी जाणार कुठे? शीर आधी दबली तर गुंता डोळ्यांदेखत फुगतो आणि फुटतो. म्हणून सर्जन गुंत्याच्या कडेकडेने फिरत एकेक धमनी डाग देऊन बंद करतो. तळाच्या बारीक धमन्या फार छळतात. त्यांची भिंत इतकी पातळ की डाग धरत नाही, आणि तुटल्या तर मेंदूत आत पळतात. या तळाशीच तास जातात.

आणि हे सगळं होत असताना नजर शिरेवर. एरवी शिरेतलं रक्त काळपट असतं. इथे ते थेट धमनीतून आलेलं, म्हणून शीर लालभडक. धमन्या बंद होत जातात तशी ती निळसर पडू लागते. पूर्ण निळी झाली की तिला हात लावायचा.

पण प्रत्येक गुंता कापण्याजोगा नसतो. १९८६ साली स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी गुणांची एक साधी पद्धत दिली. तीन सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर एक गुण, सहापर्यंत दोन, त्यापुढे तीन. बोलणं, हालचाल, दृष्टी अशा नाजूक जागी असेल तर आणखी एक, आणि रक्त खोलच्या शिरांत उतरत असेल तर आणखी एक. बेरीज एक-दोन आली तर शस्त्रक्रिया सहसा चांगली होते. तीनला बसून विचार करायचा. चार-पाचला बहुतेकदा हात आवरायचा. लहान पण खोल गुंत्यासाठी गॅमा नाइफ या यंत्राने बाहेरून सोडलेले किरण आहेत, मात्र तो बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर फुटण्याचा धोका राहतोच.

न फुटलेल्या गुंत्याचं काय, यावर आमच्यात आजही वाद आहे. अरुबा नावाच्या अभ्यासात २२६ रुग्ण होते. मृत्यू किंवा पक्षाघात, उपचार केलेल्यांत सुमारे ३१ टक्के आणि नुसती औषधं दिलेल्यांत १० टक्के, असं दिसल्यावर तो २०१३ मध्ये मध्येच थांबवला. माझं मत विचाराल तर पंचविशीतल्या रुग्णाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. तिथे पाठपुरावा सरासरी ३३ महिन्यांचा होता आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया फार थोड्यांवर झाली होती. वर्षाला दोन ते चार टक्के हा फुटण्याचा धोका सत्तरीच्या आजोबांना थोडा, पण नातवाला पन्नास वर्षं साठत जाणारा.

जॉन्सन यांच्यावर त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबर २००७ मध्ये ते सिनेटमध्ये परतले. बोलणं संथ झालं होतं, उजवी बाजू कमजोर होती, तरी पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले.

शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस रक्तदाब मुद्दाम आवळून धरतात, कारण वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या शेतात एकदम पाणी सुटलं तर बांध फुटतात. मग पुन्हा अँजिओग्राफी. आधीच्या चित्रात धमनीबरोबरच शीर काळी उमटलेली असते. आता धमनी भरते, मेंदूवर हलकी सावली पसरते, आणि काही सेकंदांनी, आपल्या वेळेला, शिरा दिसू लागतात. नमस्कार.