गेल्यावर करू

(म्युनिकमधल्या आपल्या पाडवा मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे. टोमणे तसेच ठेवले आहेत.)

नमस्कार मंडळी, पाडव्याच्या शुभेच्छा.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली होती, त्यातली चार माइक शोधण्यात गेली. शिवाय मागून श्रीखंडाचे डबे उघडल्याचे आवाज येतायत, त्यामुळे तुमचं लक्ष माझ्याकडे किती वेळ राहील याबद्दल माझा काही गैरसमज नाही. विषय दिला होता 'परदेशातला पाडवा'. त्यावर दरवर्षी कुणीतरी बोलतंच. मी आज आमच्या घरातल्या भांडणावर बोलणार आहे. नवरा तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याची परवानगी घेतली आहे. म्हणजे त्याला सांगितलं आहे.

भांडण एका पत्रावरून झालं. आमच्या घराजवळ क्लाइनगार्टनची, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या बागांची, वसाहत आहे. तिथल्या फेराइनच्या, म्हणजे बागवाल्यांच्या संस्थेच्या, प्रतीक्षायादीत आम्ही नाव घातलं तेव्हा लेक बालवाडीत होती, आता ती सातवीत आहे. इथे ही यादी कशी सरकते ते तुम्हाला ठाऊकच आहे; आम्ही विसरूनही गेलो होतो. आणि आता पत्र आलं, तुमचा नंबर लागलाय, बाग बघून जा, महिनाअखेरपर्यंत कळवा.

बघून आलो. एक वाकडं सफरचंदाचं झाड, चार वाफे, पावसाचं पाणी साठवायचं पिंप आणि लाकडी खोपटं. सोडून जाणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी खोपट्याचं दार उघडून दाखवलं. आत भिंतीवर खिळे मारलेले आणि प्रत्येक खिळ्याखाली पेन्सिलनं त्या-त्या हत्याराची आकृती काढलेली: फावडं, कात्री, दाताळं. दाताळ्याची जागा रिकामी होती. आजी म्हणाल्या, ते शेजाऱ्यानं नेलंय, रविवारच्या आत आणून देईल. मग त्यांनी मला घेवड्याच्या बियांची बरणी दिली. आम्ही बाग घेणार की नाही हे न विचारताच दिली.

घरी आलो. नवरा म्हणाला, "छान आहे. पण आता कशाला? दोन-तीन वर्षांत जायचंच आहे." मी म्हटलं, "यादीत नाव घातलं तेव्हाही तू हेच म्हणाला होतास." तिथून भांडण जिथे जिथे जाऊ शकतं तिथे तिथे गेलं. कुणाच्या नोकरीसाठी कोण आलं, कुणाच्या आईला कुणी किती वेळा फोन केला, डिशवॉशर कोण लावतं. सगळं झालं. लेक जेवत होती, कानात इअरफोन होते. तिनं एका कानातला काढला आणि म्हणाली, "तुम्ही सगळं इंडियात गेल्यावर करणार आहात. मग इथे आपण काय करतोय?"

हे तिनं शुद्ध मराठीत विचारलं. शनिवारच्या मराठी शाळेचं एवढं चीज आजवर झालं नव्हतं.

बाबांनी उत्तर दिलं, "तू जेव."

त्या रात्री मी उगाचच केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या खोलीत, गेले. तुमच्या सगळ्यांच्या केलरमध्ये जे आहे तेच आमच्याही आहे: खोकी. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, लेकीच्या पहिल्या सायकलचं खोकं. परत जाताना सामान नीट बांधता यावं म्हणून आतल्या थर्माकोलसकट जपलेली. टीव्ही केव्हाच बिघडला, दुसरा आला, त्याचंही खोकं पहिल्याच्या शेजारी उभं आहे. मेलेल्या टीव्हीच्या खोक्याचं भाडं भरणारी माणसं आम्ही. हसू नका, मी मागच्या दिवाळीत तुमच्याकडे जास्तीच्या खुर्च्या आणायला तुमच्या केलरमध्ये उतरले होते.

दुसरीकडे पुण्यात आमचा फ्लॅट आहे. वाकड, बाणेर, हिंजवडी, तुमचा जिथे असेल तिथे. या खोलीतल्या लोकांचे फ्लॅट एकत्र केले तर एक सोसायटी उभी राहील आणि तिच्या जनरल बॉडीला एकही सभासद हजर नसेल. आमच्या फ्लॅटला मोठी बाल्कनी आहे. तिथे सागवानी झोपाळा टांगलाय, पितळी कड्यांचा. संध्याकाळी चहा घेऊन त्यावर बसायचं, असं ठरलं आहे. गेल्यावर. सध्या तो प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आहे. आई महिन्यातून एकदा किल्ली घेऊन जाते, नळ पाच-पाच मिनिटं सोडते, झोपाळ्याच्या प्लास्टिकवरची धूळ पुसते आणि कुलूप लावून परत येते. झोपाळ्यावर ती बसत नाही. का, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

मग इथे आपण काय करतोय?

आता थोडं रागावून घेते. आपण जमतो तेव्हा काय बोलतो ते आठवा. पुरुषांच्या घोळक्यात पासपोर्ट. २०२४ च्या जूनमध्ये इथला नवा कायदा लागू झाला, पाच वर्षांत नागरिकत्व मिळू शकतं, जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात पण भारताला चालत नाहीत, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. हे सगळं सगळ्यांना पाठ आहे, तरी दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं. बायकांच्या घोळक्यात शाळा: गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी माध्यमिक शाळा, मिळेल की नाही. आणि दोन्हीकडे, अर्थातच, विमानाची तिकिटं. सुट्टीत आपण नऊ दिवसांत सात देश करतो. 'करतो' हेच क्रियापद. पण घरापासून दहा मिनिटांवर संध्याकाळी उगाच जाऊन बसलेली मंडळी हात वर करा म्हटलं तर... नाही, करू नका, मला कळलं.

रविवारचंच घ्या. दुकानं बंद म्हणून नव्यानं आलो तेव्हा किती चरफडलो आपण! कोथिंबीर आणायची राहिली की पूर्ण आठवड्याचा विचका. १९१९ च्या वायमार घटनेत रविवार विश्रांतीचा म्हणून राखून ठेवला होता, आणि इथल्या आजच्या घटनेनंही ते कलम तसंच ठेवून घेतलंय. चक्क राज्यघटना सांगते, बाई गं, आज बस. आणि मी? मी आठवड्याच्या भाज्या चिरून डब्यात भरते, कणीक मळून ठेवते, आणि दुपारी साडेतीनला थकून भारतात फोन लावते.

बिअरगार्टनचं, म्हणजे झाडांखाली बसून बिअर प्यायच्या जागेचं, तर मला फार उशिरा कळलं. घरचं खाणं नेऊन खुशाल खाता येतं, फक्त पेय तिथलं घ्यायचं. यामागची गोष्ट मजेशीर आहे. १८१२ साली इथला राजा माक्स योसेफनं बिअर गाळणाऱ्यांना उन्हाळ्यात आपल्या तळघराशीच बिअर विकायची मुभा दिली, पण पावाखेरीज काही खायला द्यायची बंदी घातली, म्हणजे खाणावळवाले ओरडणार नाहीत. मग लोक शिदोरी घेऊन यायला लागले ते आजतागायत. आम्ही पहिल्यांदा थालीपीठं नेली, तेव्हा मला ही परवानगी खरी वाटेना. डबा पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि मी खाली वाकून घास घेतेय. शेजारच्या टेबलावर एका कुटुंबानं चौकड्यांचं टेबलक्लॉथ अंथरलेलं, मुळ्याच्या चकत्या, चीज, लोणच्याच्या काकड्या, सगळं घरचं. त्यातल्या काकांनी विचारलं, काही हरवलंय का? मी म्हटलं, नाही, लोणी खाली पडलं. तेव्हापासून आम्ही लोण्याचा वाडगा वर ठेवतो. चेस्टनटच्या सावलीत, सफरचंदाच्या शोर्लेबरोबर, म्हणजे सोडा घातलेल्या रसाबरोबर, थालीपीठ कसं लागतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. जा आणि खा.

इसार नदीही तशीच. शहरातला आठ किलोमीटरचा पट्टा यांनी २००० ते २०११ इतकी वर्षं खपून मोकळा केला, बांधून काढलेले काठ फोडले, नदीला हवी तशी पसरू दिली. आता तिथल्या गोट्यांवर पाय पाण्यात सोडून बसायला एक सेंटही लागत नाही. जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी सूर्य असतो. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार: दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं. इसारवर बसलेल्या त्या शेकडो लोकांनाही असतं हो.

तर बागेकडे येते. नवऱ्याशी अबोला होता त्या दिवसांत मी या श्रेबरगार्टनांबद्दल, म्हणजे क्लाइनगार्टनांबद्दलच, वाचत बसले. भांडणात मुद्दे लागतात. नाव पडलं लाइपझिशच्या डॉक्टर श्रेबरांवरून, पण त्यांचा संबंध नावापुरता. ते १८६१ मध्ये वारले, आणि १८६४ साली तिथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी काढलेल्या संस्थेला त्यांचं नाव दिलं. संस्थेला हवं होतं मुलांसाठी खेळायचं मैदान. मग एका शिक्षकानं मैदानाच्या कडेनं मुलांसाठी छोटे वाफे आखले. मुलं थोड्याच दिवसांत कंटाळली, तण माजलं, आणि आईवडील खुरपी घेऊन उतरले. ते आजवर बाहेर आलेले नाहीत. देशभरात आज अशा नऊ लाखांच्या आसपास बागा आहेत. मुलांच्या निमित्तानं यायचं आणि आपणच अडकायचं, ही गोष्ट ओळखीची वाटते ना?

नियमही भरपूर. १९८३ चा स्वतंत्र कायदा आहे. बाग चारशे चौरस मीटरपेक्षा मोठी असू नये, खोपटं चोवीसपेक्षा मोठं नको, फळं-भाज्या लावल्याच पाहिजेत, नुसतं हिरवळीवर लोळायचं नाही. आणि त्यात कायमचं राहायला बंदी. निदान हा नियम तरी आमच्या नवऱ्याला आवडायला हरकत नव्हती. सोडताना फेराइनचा माणूस येऊन झाडांची, खोपट्याची किंमत ठरवतो, ती पुढचा भाडेकरू देतो, आपण मोकळे. म्हणजे 'परत जाताना त्याचं काय करायचं' हा प्रश्न या देशानं आपल्यासाठी आधीच सोडवून ठेवलाय. फ्लॅटबद्दल असं म्हणता येणार नाही.

बियांची बरणी देताना आजींनी मला बजावलं होतं, आइसहायलिगन, म्हणजे 'बर्फाच्या संतां'चे दिवस, उलटल्याशिवाय टोमॅटो बाहेर लावू नकोस. ११ ते १५ मे. त्यातली शेवटची 'थंड सोफी'. ती गेली की रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीची भीती नाही. आमचे आजोबा मृगाकडे डोळे लावून बसायचे, तशा या बाई सोफीकडे. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्या बोलण्यात पुढचा मे होता. माझ्या बोलण्यात पुढचा मे नसतो; असतं ते 'बघू'.

आतापर्यंत मी नवऱ्यावर बोलले, आता त्याच्या बाजूनं बोलते, कारण त्याची बाजू माझ्याही पोटात आहे.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही एस-बान लोकलनं हेरशिंगला तळ्यावर गेलो होतो. हातात आइस्क्रीम होतं. फोन आला, माझे बाबा बाथरूममध्ये पडलेत. आता बरे आहेत, काठी घेऊन चालतात. पण तेव्हापासून मी कुठे निवांत बसले की पाच मिनिटांत फोन काढून बघते. मजा करताना पकडले गेल्यासारखं वाटतं. घरच्या ग्रुपवर मी फिरायला गेल्याचे फोटो टाकत नाही. बर्फाचे टाकते, सर्दीपडशाची बातमी टाकते, लेकीची प्रमाणपत्रं टाकते. माझ्या आईला वाटतं म्युनिकमध्ये बारा महिने बर्फ पडतो आणि आम्ही घरात बसून अभ्यास करतो. तुम्ही वेगळं करता? मला तरी नाही वाटत. इथे थोडं जास्त सुखात दिसलो की तिथल्या कुणाच्या तरी वाट बघण्याला धक्का लागेल, म्हणून आपण सुख जरा कमी दाखवतो, आणि दाखवता दाखवता कमीच घेतो.

आणि लेकीचं काय? तिला ही बाग हवी आहे. तिनं खोपट्यात स्वतःच्या फुटपट्टीसाठी खिळाही निवडून ठेवलाय. ती त्या मातीत रमली आणि मग आम्ही खरंच निघालो तर? किंवा ती रमली म्हणून कधीच निघालो नाही तर? नवऱ्याला दोन्हीची भीती वाटते. मलाही वाटते, मी फक्त जास्त जोरात भांडते.

फेराइनला या महिन्यात उत्तर द्यायचं आहे आणि मी 'हो' कळवणार आहे. तिसऱ्या रांगेतून मान हलली, बघितलंत ना सगळ्यांनी? साक्षीदार आहात. पण आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती 'छान' म्हणेल, मेथी लाव म्हणेल. आणि मला भीती अशी आहे की त्यानंतर रविवारच्या फोनवर ती फ्लॅटचे नळ सोडून आल्याचं सांगणं बंद करेल. तेव्हा मी काय बोलायचं, हे मला सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी हे सांगणं आपल्या घरी पार पाडलं असेल, तर जेवताना मला गाठा. मी मठ्ठ्याच्या पातेल्यावर ड्युटीला आहे.