नक्षीच्या आधी रेषा

श्रोतेहो, नमस्कार.

प्राथमिक शाळेत नक्षी शिकवायची म्हटलं की बहुतेक वेळा छापील आकृती मुलांपुढे ठेवतात आणि सांगतात, रंगवा. मुलं रंगवतातही, पण त्या कागदावर त्यांची स्वतःची एकही रेषा नसते. मला याचं फार वाईट वाटतं.

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हाती खडू आला की ते गिरगटू लागतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास रेषा जिथून निघाली तिथेच परत येऊन मिळते, गोल बंद होतो. म्हणजे पहिलीतलं मूल वर्गात येतं ते रेषा सोबत घेऊनच. तिला थोडी मोकळीक द्या. मोठा कागद, जाड तेलखडू, खोडरबर दप्तरात. हात खांद्यापासून फिरू दे. दमलेली रेषा कशी चालेल, घाबरलेली कशी पळेल, असं विचारून बघा. आडवी, तिरकी, नागमोडी ही नावं मागाहून सांगता येतील.

मग त्याच रेषांतला एक छोटा तुकडा मुलालाच निवडू द्या आणि पुठ्ठ्यावर कापून घ्या. तो पुढे सरकवायचा, आरशात दिसतो तसा उलटवायचा, नाहीतर अर्धा फेरा फिरवायचा. या हालचाली एकत्र करून सरळ पट्टीवर नक्षी पुढे नेण्याचे प्रकार गणिताच्या हिशेबाने फक्त ७ होतात, मग तुकडा कोणताही असो! सगळा कागद भरायचा तर पाव, एक तृतीयांश, एक षष्ठांश असे फेरेही धरून १७. रशियन शास्त्रज्ञ फ्योदोरोव यांनी १८९१ मध्ये हे सिद्ध केलं. मुलांना आकडे सांगायची गरज नाही, पण शिक्षकाला ठाऊक असले की पुठ्ठा हाती देताना काय शोधायला सांगायचं ते कळतं. आणि ही ओढ फार जुनी आहे बरं का. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत गेरूच्या खड्यावर तिरक्या रेषांची जाळी कोरलेली सापडली, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची.

नक्षीचा नियम मुलाला मोठ्याने म्हणायला लावा: जाड, बारीक, बारीक, जाड, बारीक, बारीक. मध्येच कुठे क्रम मोडला तर लगेच दुरुस्त करू नका. "इथे काय बदललं?" एवढंच विचारा. एखादं मूल म्हणेल, चुकलं. एखादं म्हणेल, आता प्रत्येक रांगेत इथे असंच करतो. त्याला आणखी एक कागद द्या.

नमस्कार.