पुरेसे पैसे आले. आता मंगळवारी काय करायचं?

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. गिरणीची चिमणी, कामगारांच्या बैठ्या चाळी, दुपारचा रस्ता.]

ऑस्ट्रियातलं मारिएनथाल. व्हिएन्नाजवळची ही छोटी वसाहत एका कापडगिरणीच्या जिवावर उभी होती. १९३० च्या सुमारास मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खी वस्ती एकदम बेकार झाली. पुढच्या वर्षी मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक आपले सहकारी घेऊन तिथे पोहोचले. काम नसलेला माणूस दिवसभर करतो तरी काय, हे त्यांना बघायचं होतं.

वेळ भरपूर होता, म्हणजे वाचनालयात गर्दी व्हायला हवी होती. पूर्वी पुस्तक नेण्यासाठी थोडे पैसे पडायचे, आता तेही पडत नव्हते. तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. बऱ्याच पुरुषांनी घड्याळ वापरणंच सोडलं होतं. संशोधकांनी आडोशाला उभं राहून रस्त्यावरच्या माणसांची चाल मोजली. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालायचे. बायका मात्र भराभर निघून जायच्या, कारण गिरणी बंद पडली तरी चूल, मुलं आणि धुणीभांडी काही बंद पडली नव्हती.

ही माणसं गरीब होती. बेकारभत्त्यावर कशीबशी तग धरून होती. मग अचानक पैसा हाती आलेल्या माणसाविषयीच्या फिल्ममध्ये त्यांचं काय काम?

याहोडा यांनी पुढे अनेक वर्षं यावर विचार केला आणि एक साधी मांडणी केली. नोकरी पगार देते, हे सगळ्यांना दिसतं. पण पगाराबरोबर ती आणखी पाच गोष्टी गुपचूप देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी नेमाने पडणारी गाठ, एकट्याने पार पडणार नाही अशा कामात वाटा, चारचौघांत सांगता येईल अशी ओळख, आणि अंगाला व डोक्याला सक्तीची हालचाल. मारिएनथालमध्ये पगाराबरोबर या पाचही गोष्टी गेल्या. आता उलट बाजूने बघा. ज्याची पगाराची गरजच संपली आणि ज्याने राजीनामा दिला, त्याच्याही हातून याच पाच गोष्टी जातात. फरक इतकाच की त्याच्याविषयी कुणाला वाईट वाटत नाही. आणि त्याला स्वतःला तक्रार करायची चोरी.

[दृश्य: आजचं शहर, कामाच्या दिवशीची सकाळ. कार्यालयाकडे निघालेली गर्दी.]

पैसा अनेक वाटांनी अचानक येतो. कुणाला वारसा मिळतो, कुणाची कंपनी विकली जाते, कुणाच्या शेअर्सना भाव येतो, कुणाला मोठी नुकसानभरपाई मिळते, एखाद्याला लॉटरीही लागते. वारशाचा पैसा बहुधा कुणाच्या तरी मृत्यूबरोबर येतो, तेव्हा आनंद आणि दुःख एकाच पाकिटातून हातात पडतात. वाट कुठलीही असो, एके दिवशी हिशेब करताना लक्षात येतं की पुन्हा कमावलं नाही तरी भागेल.

इथे एक भाबडं प्रवचन ऐकायला मिळतं: पैशाने सुख येत नाही, लॉटरी लागलेले सत्तर टक्के लोक कंगाल होतात, वगैरे. हा सत्तर टक्क्यांचा आकडा जगभर फिरतो. ज्या संस्थेच्या नावावर तो खपवला जातो, त्या अमेरिकेतल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर फायनान्शियल एज्युकेशनने २०१८ मध्ये स्वतःच जाहीर केलं की हा आकडा आमच्या कुठल्याही संशोधनातून आलेला नाही.

खरे अभ्यास जास्त गुंतागुंतीचे आहेत. स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २०२० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठी बक्षिसं मिळालेले लोक आपल्या आयुष्यावर जास्त समाधानी होते, आणि हे समाधान दहा वर्षांनंतरही ओसरलेलं नव्हतं. म्हणजे पैसा उपयोगी पडतो, आणि बराच काळ पडतो. मात्र त्याच अभ्यासात मनाची प्रसन्नता आणि मानसिक आरोग्य यांवरचा परिणाम बराच कमी दिसला. वाढलेल्या समाधानाचा मोठा धागा होता आर्थिक परिस्थितीबद्दल वाटणारी निश्चिंती. थोडक्यात, पैसा पैशाची काळजी मिटवतो. ही काही लहान गोष्ट नाही. पण उरलेला दिवस तो भरून देत नाही.

पैशाचं गणित आधी उरकून घेऊ. ते अवघड आहे, पण सुटणारं आहे. कर भरून उरलेलीच रक्कम आपली धरायची. आधी महागडी कर्जं फेडायची. बाकीची रक्कम काही महिने सुरक्षित आणि सहज काढता येईल अशा जागी नुसती पडू द्यायची. मोठी गुंतवणूक सुचवणाऱ्या प्रत्येकाला, नातेवाईक असला तरी, एकच प्रश्न विचारायचा: यात तुम्हाला किती मिळतात?

‘पुरेसे’ म्हणजे किती, याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर अमेरिकेतले आर्थिक नियोजनकार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये दिलं. पहिल्या वर्षी पुंजीतले सुमारे ४ टक्के काढा, पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ करा, पुंजी ३० वर्षं पुरावी. यावरूनच ‘वर्षाच्या खर्चाच्या २५ पट’ हा हिशेब रूढ झाला. तो करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. बेंगेन यांची आकडेवारी अमेरिकी बाजाराची होती, आणि ३० वर्षांचा हिशेब साठीतल्या माणसासाठी होता. पस्तिशीत मोकळं होणाऱ्याला पन्नास-साठ वर्षं काढायची असतात. त्यातही पहिल्या काही वर्षांतच बाजार कोसळला तर नुकसान भरून येणं कठीण, कारण पडत्या भावात विकून खावं लागतं. म्हणून अशा माणसाने ४ टक्क्यांच्या बरंच खाली राहावं. बसून खाल्लं तर कुबेराचंही पुरत नाही, हे आपल्याकडे बेंगेन यांच्या आधीपासून माहीत आहे.

रक्कम ‘मोठी’ वाटली तरी ‘पुरेशी’ नसते, हाही घोटाळा होतो. फ्लोरिडातल्या लॉटरी विजेत्यांच्या एका अभ्यासात ५० हजार ते दीड लाख डॉलर मिळालेल्यांची दिवाळखोरी पहिल्या दोन वर्षांत कमी झाली आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षांत वाढली. संकट टळलं नाही, पुढे सरकलं.

[दृश्य: रिकामी खोली. टेबलावर बंद लॅपटॉप.]

आता न सुटणारं गणित.

स्वीडनचे मार्कुस पर्सन यांनी माइनक्राफ्ट हा खेळ बनवला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली. वर्षभराने, ऑगस्ट २०१५ मध्ये, त्यांनी ट्विटरवर उघडपणे लिहिलं की हवं ते करता येतंय, भोवती माणसं आहेत, पण इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. सगळं मिळाल्यावर धडपड करायला कारणच उरत नाही, असंही त्यांनी लिहिलं. वाचणाऱ्या कितीजणांना हसू आलं असेल. पण याहोडा यांची यादी हातात घेऊन हे वाचलं तर त्यातली निम्मी यादी इथे दिसते.

दुसरं उदाहरण मला जास्त विचारात पाडतं. तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनस्टाइन पोलादाच्या उद्योगातल्या अतिश्रीमंत घरातले. वडील १९१३ मध्ये गेले आणि प्रचंड वारसा त्यांच्या वाट्याला आला. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर, १९१९ मध्ये, त्यांनी आपला सगळा वाटा भावंडांना देऊन टाकला आणि १९२० पासून ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षकाची नोकरी धरली. मारिएनथाल आणि त्यांच्या शाळा एकाच प्रांतातल्या.

गोष्ट इथेच संपवली तर ती कीर्तनात शोभेल. पण १९२६ मध्ये त्यांनी एका विद्यार्थ्याला मारलं, मुलगा बेशुद्ध पडला, आणि त्यांनी शाळा सोडली. मग काही काळ मठात माळीकाम. मग बहिणीसाठी व्हिएन्नात घर बांधायला घेतलं. अखेर १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला, म्हणजे महायुद्धाआधी जिथे शिकत होते तिथेच, पुन्हा तत्त्वज्ञानाकडे. पैसा ठेवा किंवा सोडून द्या, पुढचा प्रश्न तसाच राहतो. आणि त्याचं पहिलं उत्तर चुकू शकतं, अगदी उदात्त असलं तरी.

म्हणूनच ‘आयुष्याचा उद्देश शोधा’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. वही घेऊन समुद्रकिनारी बसल्याने उद्देश सापडत नाही. सापडलाच तर तो बहुतेकदा आधी वाचलेला, दुसऱ्याचा असतो. त्यापेक्षा मंगळवार आखावा. मंगळवारच का? रविवारी सगळेच मोकळे असतात, सोबतीला माणसं मिळतात. मंगळवारी सकाळी अकरा वाजता सगळे मित्र कामावर असतात. तेव्हा तुम्ही कुठे असाल, आणि न गेलात तर कुणाच्या लक्षात येईल?

या प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा. छंद दिवस भरतो, पण छंदाला दांडी मारली तर कुणाचं अडत नाही. नोकरीत आपण वैतागत असलो तरी कुणीतरी आपली वाट बघत असतं. हा जाच गेला की हायसं वाटतं, आणि काही महिन्यांनी त्याचीच उणीव भासायला लागते. त्यामुळे आठवड्यात निदान दोन ठिकाणं अशी असावीत जिथे आपली गैरहजेरी दुसऱ्याला भोवेल. एखाद्या संस्थेचे हिशेब बघणं, मुलांची शिकवणी, संघाचा सराव, कुठल्याशा प्रयोगशाळेत सहायकाचं काम, काहीही चालेल.

मोकळा वेळ किती असावा यावरही संशोधन झालं आहे. मारिसा शरीफ, कॅसी मोगिल्नर आणि हॅल हर्शफील्ड यांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की दिवसाला साधारण दोन तासांपर्यंत मोकळ्या वेळाने माणसाचं बरं चालतं, आणि पाच तासांपुढे गेलं की उतरण लागते. पण तो वेळ काही घडवण्यात किंवा शिकण्यात गेला तर ही उतरण जवळजवळ दिसत नाही.

[दृश्य: नवशिक्यांचा वर्ग. वेगवेगळ्या वयांची माणसं, हात माखलेले.]

पहिलं वर्ष मात्र वेगळं काढावं. आधी झोप. वर्षानुवर्षं ताणून काम केलेल्या माणसाला चार-सहा महिने काहीच करावंसं वाटत नाही, आणि त्याला आळस समजून घाबरू नये. या काळात परतीचा रस्ता बंद होईल असं काही करू नये: देश बदलू नका, नवी कंपनी काढू नका, जुन्या सहकाऱ्यांशी बोलणं तोडू नका. शक्य असेल तर राजीनाम्याऐवजी लांब रजा घ्या. आणि असं काही शिकायला घ्या ज्यात तुमच्या पैशाला किंमत नाही. पोहायला शिकवणारा किंवा सुतारकामाचा उस्ताद तुमचं बँकखातं बघून कौतुक करणार नाही. यशस्वी माणसाला हे बोचतं, आणि म्हणूनच त्याचा उपयोग होतो.

घरात काय होतं, याविषयी फार कमी बोललं जातं. दोघांपैकी एकच मोकळा झाला तर संध्याकाळी एकाकडे दिवसभराचं सांगण्यासारखं खूप असतं आणि दुसरा सकाळपासून त्याचीच वाट बघत बसलेला असतो. हे वारंवार झालं की दुसऱ्याला ते ओझं होतं. कोण कुठली घरकामं करणार, एकमेकांशिवायचा वेळ किती, मुलांना किती सांगायचं, हे भांडण होण्याआधी ठरवलेलं बरं. नात्यागोत्यातून मागणी येणारच. ‘बघतो’ म्हणण्यापेक्षा वर्षाला अमुक इतकी रक्कम बाजूला काढावी आणि ती संपली की संपली. बहुतेक वेळा उसने देण्यापेक्षा परतीची आशा न ठेवता थोडे देणं नात्याला सोसतं.

समाजकार्य हा अनेकांना सुचणारा पहिला पर्याय. चांगलाच आहे, पण चेक फाडून प्रवेश घेतला की लोक खरं बोलायचे थांबतात. ज्या प्रश्नात पडायचं तिथे आधी वर्षभर खालच्या पायरीवर काम करावं, नाव न लावता. देणगीची वेळ त्यानंतर.

‘हल्ली काय करता?’ या प्रश्नाचीही तयारी लागते. जुनं पद सांगवत नाही, ‘काही नाही’ म्हटलं की समोरचा एकतर कीव करतो नाहीतर हेवा. निम्मी माणसं केवळ हे उत्तर हवं म्हणून घाईने नवा धंदा काढतात, असा माझा संशय आहे.

[दृश्य: पुन्हा कामाची सकाळ. दार उघडून आत जाणारा माणूस, चेहरा दिसत नाही.]

आणि काहीजण परत कामावर जातात. त्यात पराभव नाही. स्वीडनमधल्याच २०१७ च्या अभ्यासात विजेत्यांची कमाई घटली, पण बेताचीच: दरवर्षी बक्षिसाच्या सुमारे १ टक्का. नोकरीवर लाथ मारून लोक घरी बसले, असं चित्र त्यात दिसत नाही. फक्त परत जाणाऱ्याने हातातली नवी ताकद वापरायला हवी. जुन्या नोकरीतलं आपण काय सहन करत होतो त्याची यादी करावी: रात्रीचे फोन, एखादा वरिष्ठ, पटत नसलेली कामं, प्रवास. त्यातलं काय यापुढे करणार नाही, ते पहिल्याच बोलण्यात सांगावं, आणि मागावेत आठवड्याचे तीन दिवस. समोरून नकार आला तर उठून दुसरीकडे विचारता येतं. पगाराची गरज असताना नेमकं हेच करता येत नव्हतं.