पट, फासे आणि रंगभूमी: फ्रिट्झ लायबर यांची लेखनपद्धती

श्रोतेहो, अद्भुतकथा लिहिणारा लेखक म्हटला की आपल्यासमोर बहुधा एकांतात बसून नकाशे आणि वंशावळी रचणारा माणूस उभा राहतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्कीन यांच्या कीर्तीमुळे हे चित्र अधिकच पक्के झाले आहे, जरी ते स्वतः ऑक्सफर्डमध्ये गुरुवारच्या रात्री मित्रमंडळींत आपली प्रकरणे वाचून दाखवत असत. आज मी ज्या लेखकाविषयी बोलणार आहे, त्या फ्रिट्झ लायबर यांच्याकडे तर गोष्ट एकट्याने रचण्याची वस्तूच नव्हती. ती दोघांत घडायची, तोंडाने बोलली जायची आणि पटावर खेळूनही पाहिली जायची.

लायबर यांचा जन्म १९१० साली शिकागोत झाला. आईवडील दोघेही शेक्सपिअरची नाटके करणारे कलावंत होते आणि वडिलांची स्वतःची फिरती नाटक मंडळी होती. १९३२ मध्ये शिकागो विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर, १९३४ साली, मुलानेही ‘फ्रान्सिस लॅथ्रॉप’ असे नाव घेऊन वडिलांच्या मंडळीत भूमिका केल्या. पुढे १९४१-४२ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑक्सिडेंटल महाविद्यालयात त्यांनी नाट्य आणि वक्तृत्व हे विषय शिकवले. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांचे गद्य पहिल्यांदा वाचताना अनेकांना जड वाटते. विशेषणांची गर्दी, जुन्या इंग्रजी नाटकांतून उचललेले शब्द आणि पल्लेदार वाक्ये यांनी डोळा थकतो. तोच मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे थांबायचे, हे त्या वाक्यांनीच ठरवून दिलेले असते. १९५८ ची त्यांची ‘द बिग टाइम’ ही कादंबरी काळाच्या आरपार चाललेल्या महायुद्धाविषयी आहे, तरी ती जवळजवळ सगळी एका दालनात घडते. पात्रे आत येतात, बोलतात, भांडतात. कादंबरीचे सोंग घेतलेले ते नाटकच आहे, असे मी म्हणेन.

परंतु त्यांचे मुख्य काम म्हणजे लांखमार या काल्पनिक नगरीच्या कथा, आणि त्यांचा उगम एका पत्रव्यवहारात आहे. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे राहणारे त्यांचे मित्र हॅरी ऑटो फिशर यांनी १९३४ साली एका पत्रात दोन वीरांचे शब्दचित्र लिहून पाठवले: उत्तरेकडून आलेला धिप्पाड फाफर्ड आणि करड्या वेषातला, चणीने लहान, हातचलाख माउझर. फाफर्ड म्हणजे उंचेपुरे लायबर आणि माउझर म्हणजे फिशर, हे दोघांनाही ठाऊक होते. लायबर यांनी उत्तरादाखल त्याच जगाचा पुढचा तुकडा रचला आणि हा सिलसिला सुरू झाला. पहिली दीर्घकथा हस्तलिखित रूपात भयकथाकार लव्हक्राफ्ट यांनी वाचली, तिच्यावर सविस्तर अभिप्राय दिला आणि आपल्या मित्रांतही ती फिरवली. १९३७ साली लायबर आणि फिशर यांनी याच जगाचा एक पटावरचा खेळ तयार केला. तो पट सपाट नव्हता. त्यावर डोंगरदऱ्यांचे चढउतार प्रत्यक्ष घडवलेले होते. या जोडीची पहिली कथा मासिकात छापून आली ती त्यानंतर, ऑगस्ट १९३९ मध्ये.

आता या क्रमाचा कथांवर काय परिणाम झाला असावा? पटावर दोन खेळाडू बसले की कोणाही एकाला विधात्याची सत्ता उरत नाही. समोरच्याची चाल मान्य करावी लागते, फाशाने दिलेले दानही मान्य करावे लागते, आणि डोंगर ओलांडायचा तर मोजून तेवढी घरे खर्चावी लागतात. लायबर यांच्या वीरांच्या पाठीशी म्हणूनच कोणतीही भविष्यवाणी नाही आणि जगाचा उद्धार करण्याची जबाबदारीही नाही. ते धन मिळवतात, ते उधळतात, प्रसंगी एकमेकांवर रुसतात आणि पुन्हा कफल्लक होऊन रस्त्यावर येतात. दोघांतला नायक कोण, हे सांगता येत नाही. या प्रकारच्या साहित्याला ‘सोर्ड अँड सॉर्सरी’ (तलवार आणि जादू) हे नाव १९६१ साली लायबर यांनीच सुचवले. फिशर यांनी १९३० च्या दशकात अर्धवट सोडलेली सुमारे १०,००० शब्दांची एक कथा लायबर यांनी पूर्ण करून १९६४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हाही हा दोघांचा डाव चालूच होता.

बुद्धिबळातही ते कच्चे नव्हते. १९५८ साली त्यांनी सांता मोनिका येथील खुली स्पर्धा जिंकली. १९६७ ची त्यांची ‘गॉना रोल द बोन्स’ ही कथा एका खाणकामगाराने प्रत्यक्ष मृत्यूशी फासे खेळल्याची आहे. तिला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले आणि लेखकाच्या स्वतःच्या आवाजातील तिची तबकडीही निघाली. जुगाराच्या अड्ड्यावरची बोली, फुशारक्या आणि लोककथेचा ठेका यांमुळे ही कथा ऐकण्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला; त्यात प्रत्येक खेळाडू एका वीराची भूमिका घेऊन बोलत आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेतो. आपल्यावर ज्यांचा थेट प्रभाव पडला त्या मोजक्या लेखकांत गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये लायबर यांचे नाव घेतले. त्यापूर्वीच, १९७६ साली, गायगॅक्स यांच्या टीएसआर कंपनीने लांखमारचा जुना पटाचा खेळ सोप्या रूपात बाजारात आणला होता आणि १९८५ मध्ये लांखमार नगरीवर स्वतंत्र खेळपुस्तिकाही काढली. पत्नीच्या निधनानंतर सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीत ओढगस्तीचे दिवस काढलेल्या लायबर यांना उतारवयात या खेळांच्या मानधनाने आधार दिला. पुस्तकांनी जे दिले नाही ते पटाने दिले. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी याची फारशी दखल घेऊ नये, याचे मला नवल वाटते.

एक उणीव मात्र नोंदवायला हवी. टीएसआरच्या १९८० च्या एका पुस्तकात फाफर्ड आणि माउझर यांचे बळ, चापल्य आणि बुद्धी आकड्यांत मांडलेली आहे. त्यांची थट्टामस्करी, परस्परांना मारलेले टोमणे आणि पराभवानंतरचे बोलणे आकड्यांत बसत नाही. ते खेळणाऱ्यांनीच तोंडाने आणावे लागते. मी या खेळाच्या बैठका पाहिल्या आहेत. त्या रंगतात किंवा पडतात त्या बहुधा याच ठिकाणी.

ज्यांना लायबर वाचायला सुरुवात करायची आहे, त्यांनी १९३९ चीच कथा घ्यावी. ती आता ‘द ज्युएल्स इन द फॉरेस्ट’ या नावाने मिळते. रानातल्या एका ओसाड वास्तूत रत्ने दडलेली आहेत आणि तिथे एक रखवालदार असल्याची वदंता आहे. दोघे वीर आत शिरतात, खोल्या धुंडाळतात, जमिनीवरच्या सांगाड्यांवरून तर्क करतात, आणि मग उमगते की वास्तू स्वतःच रखवालदार आहे. गायगॅक्स यांच्या खेळातले खेळाडू ३५ वर्षांनंतर मेणबत्तीच्या उजेडात जे करू लागले, ते सगळे या कथेत आधीच घडून गेलेले आहे.