गाडी चालवणं आणि स्वमग्नता

नमस्कार, श्रोतेहो.

मूल स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक असेल, तर त्याच्या हाती गाडी द्यायची का, हा प्रश्न घरात निघतो तेव्हा उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं: नको रे बाबा! या भीतीला आकड्यांचा मात्र फारसा आधार नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात नव्यानं लायसन्स मिळालेल्या तरुणांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. स्वमग्न तरुणांचे अपघात इतरांपेक्षा जास्त नव्हते. वेगापायी होणारे अपघात तर कमीच होते. जास्त आढळले ते समोरची वाहतूक ओलांडून वळताना, किंवा दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं राहून गेल्यामुळे झालेले.

मला यात नवल वाटत नाही. चौकात समोरचा गाडीवाला दिवे उघडझाप करतो. म्हणजे 'ये' की 'थांब, मी येतोय'? अर्थ दोन्ही निघतात. आपण त्याचा वेग, त्याची मान कुठे वळली आहे, हे बघून क्षणात ताडतो. ज्याला असं ताडणं जड जातं, त्याला ते सुटं सुटं करून शिकवावं लागतं. तेही आधी शेजारच्या सीटवर बसवून: तो रिक्षावाला आता काय करील? कशावरून?

शिकवणाऱ्यानंही जीभ जरा घासूनपुसून घ्यावी. "बेतानं घे" म्हणून भागत नाही. "वेग ३० वर आण" म्हणा. "फार चिकटू नकोस" याऐवजी "थांबशील तेव्हा पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत" असं सांगा. रस्ता आधी एकच ठेवा. तो अंगवळणी पडला की तोच रस्ता पावसात, मग रात्री. एका वेळी एकच बदल.

हॉर्नचा गोंगाट, समोरचा झगझगीत उजेड असह्य झाला तर गाडी बाजूला घ्यायची, हे आधीच ठरलेलं असू द्या. आणि ज्याला चालवायचीच नाही, त्याच्यामागे लकडा कशाला?

राहिला पोलिसांचा प्रश्न. नजर चुकवणारा, प्रश्नाला उशिरा उत्तर देणारा चालक पोलिसांना संशयास्पद वाटू शकतो. अमेरिकेतल्याच कनेटिकटमध्ये २०२० पासून स्वमग्न चालकांना निळं पाकीट मिळतं. आत लायसन्स आणि गाडीचे कागद, बाहेर पोलिसांसाठी आणि चालकासाठी छापील सूचना. तशी सोय नसेल तिथे चार ओळींचं कार्ड घरीही करता येतं. पण नुसतं कार्ड ठेवून चालणार नाही, हात स्टिअरिंगवर ठेवायचे, "कागद खणात आहेत, काढू का?" असं विचारायचं आणि मगच हात हलवायचा, याची तालीम घरच्या कुणाला तरी पोलीस करून आधी घ्या.